बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का? धूळ, दमा आणि आपले घर

"डॉक्टर, तो काठीसारखा बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर येतो ना, तो घेतला तर घरातला दमा कमी होईल का?" गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न ओपीडीत वारंवार येऊ लागला आहे. विचारणारे बहुधा मंद्रूपमध्ये राहणारे आई-वडील असतात आणि मशीन पाठवायला निघालेला मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला असतो. जाहिरातीत 'हेपा फिल्टर', 'अ‍ॅलर्जीपासून सुटका' असे शब्द असतात. किंमत आठ-दहा हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत कितीही असू शकते. आरोग्याच्या नावाखाली एवढा पैसा खर्च होणार असेल, तर त्यावर डॉक्टरने स्पष्ट बोलले पाहिजे असे मला वाटते.

माझे मत आधीच सांगतो. हे यंत्र उपयोगी आहे, पण ते औषध नाही. दम्याच्या घरात पहिला क्रमांक नियमित उपचारांचा, दुसरा बिनखर्चाच्या सवयींचा आणि तिसरा यंत्राचा. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि दमाही राहतो. ज्यांनी पहिली दोन कामे केली आहेत, त्यांनी यंत्र जरूर घ्यावे. पण मग ते जाहिरातीतले आकडे पाहून नव्हे, तर काही साध्या गोष्टी तपासून घ्यावे.

आपल्या भागातली धूळ वेगळी आहे

'घरातली धूळ' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात अनेक गोष्टी असतात. आपला भाग काळ्या मातीचा आणि कमी पावसाचा. उन्हाळ्यात वावटळ उठली की खिडकीच्या फटीतून बारीक माती आत येते. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत भुसा आणि कूस उडते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गाजर गवत माजते, त्याचे परागकण असतात. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. चादरी-टॉवेलच्या कामामुळे काही घरांत सुताचा तंतू असतो. विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची भुकटी असते.

याशिवाय डोळ्यांना न दिसणारा एक भाडेकरू आपल्या गादीत राहतो. त्याला डस्ट माइट म्हणतात. हा सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा कीटकासारखा जीव आहे. तो चावत नाही, आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या खपल्या खातो. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांची. हे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे, म्हणजे तसे जड असतात. गादी झटकली की उडतात आणि बहुतांश अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. म्हणून डस्ट माइटची खरी जागा हवेत नाही. गादी, उशी, रजई आणि सोफा इथे आहे.

या जिवाला जगायला हवेतला ओलावा लागतो. कोकणात आणि मुंबईत त्याला बारमाही सोय आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की त्याची संख्या घटते, पावसाळ्यात पुन्हा वाढते. त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकाला ज्या यंत्राने फरक पडला, त्याने तुम्हालाही तेवढाच पडेल असे नाही.

केरसुणीत काय कमी आहे?

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिची पूजा करतो. तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण कोरडा झाडू जमिनीवरची धूळ गोळा करतो आणि त्यातला सर्वांत बारीक भाग हवेत उडवतो. नेमका हाच भाग श्वासावाटे खोल जातो. घर झाडताना आणि झाडल्यावर थोडा वेळ शिंका, खोकला, छातीत घरघर होते ती यामुळेच.

आपल्या आजींना हे ठाऊक होते. अंगण झाडण्याआधी त्या पाण्याचा सडा टाकत. ओली धूळ उडत नाही, हे साधे शास्त्र त्यात होते. आज घरात शहाबादी फरशी किंवा टाइल्स आहेत. त्यावर झाडण्याऐवजी थेट ओला कपडा किंवा मॉप फिरवला, तर सड्याचेच काम होते. निव्वळ फरशीसाठी मला व्हॅक्यूम क्लीनरची फारशी गरज वाटत नाही. पाश्चात्त्य घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, तो पुसता येत नाही. म्हणून तिथे हे यंत्र घरोघरी गेले. आपल्याकडे पुसता न येणाऱ्या गोष्टी म्हणजे गादी, सोफा, पडदे, सतरंजी आणि शहाबादीच्या सांध्यांत बसलेली माती. यंत्राची खरी परीक्षा तिथे आहे.

यंत्राने दमा कमी होतो का?

इथे संशोधन काय सांगते ते पाहू. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने डस्ट माइट कमी करण्याच्या उपायांवरील ५० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे ३००० दमेकरी होते. गादीला आवरण, फवारणी, व्हॅक्यूम अशा उपायांनी दम्यात ठळक फरक दिसला नाही. याउलट २००४ मध्ये अमेरिकेतील सात शहरांतल्या ९३७ दमेकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात प्रत्येक मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आधी तपासले, मग त्यानुसार गादी-उशीची आवरणे, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त आणि घरातल्या धुरापासून बचाव असे अनेक उपाय एकत्र केले. त्या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले.

दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो : एकच वस्तू आणून दमा हटत नाही. कशाचा त्रास आहे ते ओळखून, सगळ्या बाजूंनी आणि सातत्याने काम केले, तर मदत होते. आणि हे सगळे औषधांच्या जोडीला करायचे असते, औषधांच्या जागी नाही.

हा शेवटचा मुद्दा मी इतका ताणून सांगतो, त्याला कारण आहे. एका कुटुंबाने नऊ वर्षांच्या मुलासाठी महागडे यंत्र घेतले. रोज सकाळ-संध्याकाळ घर चकाचक. महिनाभर मुलाला बरे वाटले, म्हणून त्याचा रोजचा पंप बंद केला. "आता धूळच नाही, मग पंप कशाला? त्याची सवय लागते म्हणतात." मळणीचे दिवस आले, सर्दी झाली आणि मुलगा मध्यरात्री ओठ निळसर पडलेल्या अवस्थेत आला. ऑक्सिजन आणि नेब्युलायझरवर सावरला, सोलापूरला हलवावा लागला, वाचला. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता. दोष होता तो 'धूळ गेली म्हणजे दमा गेला' या समजुतीचा.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. रोजच्या पंपातले औषध ती सूज कमी ठेवते. त्याची सवय लागत नाही, मात्र बंद केले की सूज परत येते. बरे वाटते आहे ते पंपामुळे असू शकते, हे विसरू नका. पंप कमी करायचा का आणि कधी, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. यंत्रासाठी हजारो रुपये देणारे घर महिन्याच्या काहीशे रुपयांच्या पंपाला कचरते, हे मला पाहवत नाही.

आणखी एक : प्रत्येक खोकला धुळीचा नसतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. क्षयरोग असताना घरातली धूळ काढत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

आधी हे करा, पैसे लागत नाहीत

१. झाडण्याऐवजी पुसा. झाडायचेच असेल तर दमेकरी माणूस त्या वेळी खोलीत नको. अर्ध्या-पाऊण तासाने आत यावे.

२. गादीला ऊन द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. त्या कडक उन्हात गादी उलटसुलट करून काही तास ठेवली, तर डस्ट माइट कोरडे पडून मरतात. मात्र त्यांची विष्ठा गादीतच राहते, म्हणून नंतर ती बाहेरच झटकली पाहिजे. झटकणारा दमेकरी नसावा.

३. चादर आणि उशीचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. पाणी ५५ ते ६० अंशांचे, म्हणजे हात घालवणार नाही इतके गरम हवे. थंड पाण्याने मळ निघतो, डस्ट माइट मरत नाहीत.

४. धूर बंद करा. हा मुद्दा धुळीपेक्षा मोठा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने डासांच्या कॉइलबद्दल लोकांना सावध केले ते विसरू नका : बंद खोलीत एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण सुमारे १०० सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके असतात. रात्रभर कॉइल लावून सकाळी व्हॅक्यूम फिरवणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. मच्छरदाणी वापरा. चूल, बंबाचा धूर, विडी-सिगारेट, देवघरातील दिवसभराची उदबत्ती यांचाही विचार करा.

५. घरात विड्या वळण्याचे काम असेल तर झोपण्याच्या खोलीत ते करू नका. तंबाखूची भुकटी ओल्या कपड्याने टिपा.

महिनाभर एवढे केल्यावर बऱ्याच घरांत यंत्राची निकड उरत नाही.

मग यंत्र कोणी घ्यावे?

माझ्या मते तीन प्रकारच्या घरांनी. पहिले, ज्या घरात दमा किंवा सततच्या शिंकांचा माणूस आहे, उपचार नियमित चालू आहेत आणि जाड गाद्या, कापडी सोफा, पडदे आहेत. दुसरे, ज्या घरात कुत्रा-मांजर आहे. तिसऱ्या घरांबद्दल फारसे बोलले जात नाही. ज्या घरात झाडणाऱ्या व्यक्तीचे गुडघे आणि कंबर थकली आहे. पन्नाशीपुढच्या कितीतरी भगिनी वाकून, उकिडवे बसून झाडतात आणि कंबरेच्या गोळ्या खातात. उभे राहून चालवायचे हलके यंत्र त्यांना खरा आराम देते. तिथे मी खर्चाला नावे ठेवणार नाही. शिवाय केरसुणी हातात न धरणारे पुरुष हे यंत्र हौसेने चालवतात असे मी पाहिले आहे, तोही फायदाच.

घेताना काय पाहावे?

कंपनीचे नाव मी सुचवणार नाही. पाहण्याच्या गोष्टी सांगतो.

फिल्टर : खऱ्या हेपा फिल्टरची व्याख्या ठरलेली आहे. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत. युरोपीय पद्धतीत एच १३ दर्जाचा फिल्टर किमान ९९.९५ टक्के अडवतो. 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' या शब्दांना असा कोणताही अर्थ नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण यंत्र सीलबंद आहे का ते विचारा. फिल्टर उत्तम, पण डब्याच्या झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल, तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. दम्याच्या घरात असे यंत्र केरसुणीपेक्षा फारसे बरे नाही.

ओढ : जाहिरातीत '२५ हजार पास्कल' असे मोठे आकडे असतात. शेतकऱ्यांना हे पटकन कळेल. विहिरीच्या मोटारीचे दोन आकडे असतात : पाणी किती उंच चढवते आणि तासाला किती पाणी देते. पास्कल हा पहिला आकडा आहे, तोही तोंड बंद असतानाचा. धूळ वाहून नेते ती हवा, म्हणून मिनिटाला किती हवा ओढते तेही हवे. दोन्ही मिळून 'एअर वॉट' हा आकडा तयार होतो. तो दिलेला असेल तर त्यावरून तुलना करा. मोटार किती वॉटची आहे, हा तिसराच आकडा. तो फक्त वीज किती खाते ते सांगतो.

बॅटरी : '४५ मिनिटे चालते' हे बहुधा सर्वांत कमी वेगावर असते. हिशोब सोपा आहे. २५.२ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ६३ वॉट-तास. यंत्र कमी वेगावर १०० वॉट खात असेल तर ३५-४० मिनिटे, आणि पूर्ण वेगावर ४०० वॉट खात असेल तर साडेनऊ मिनिटांच्या आसपास. गादी स्वच्छ करायला पूर्ण वेगच लागतो. तेव्हा साडेनऊ मिनिटांत तुमच्या घरातल्या किती गाद्या होतील, ते पाहा. लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होतेच, म्हणून ती काढून नवी बसवता येते का आणि नवीची किंमत किती, हे आधीच विचारा. बॅटरी बदलता न येणारे यंत्र दोन-तीन वर्षांनी अडगळीत जाते.

आपल्यासाठी इथे एक खास सूचना आहे. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापमान सहज तेवढे होते. चार्जिंगची जागा थंड खोलीत, उन्हापासून दूर ठेवा आणि चार्जिंग रात्री करा. जुनी बॅटरी केरात किंवा उकिरड्यावर टाकू नका, तिला आग लागू शकते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात चौकशी करा.

गादीचा ब्रश : मोटारीवर फिरणारा छोटा ब्रश सोबत असला पाहिजे. नुसत्या सपाट तोंडाने गादीतली धूळ नीट निघत नाही. फरशीसाठी मऊ रोलर हवा.

वजन : दुकानात हातात धरून पाहा, आणि नुसते उचलू नका, पाच मिनिटे चालवा. काठीच्या यंत्रात मोटार, बॅटरी आणि डबा सगळे मुठीजवळ असते. पडदे झाडताना तो सगळा भार मनगट आणि खांद्यावर येतो. ज्यांचा खांदा आखडला आहे किंवा मनगटात मुंग्या येतात, त्यांनी हे विशेष पाहावे. अशांना जमिनीवर सरकणारे वायरचे जुने यंत्र अधिक सोयीचे आणि स्वस्तही पडते. १९८० च्या दशकात घरोघरी येणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतलेली तशी यंत्रे काही घरांत आजही चालू आहेत.

दुरुस्ती : सेवा केंद्र सोलापुरात आहे की फक्त पुण्यात? फिल्टर आणि ब्रश सुटे मिळतात का? ऑनलाइन दोन हजार रुपये वाचवून पुढे फिल्टरसाठी वणवण करणे परवडत नाही.

वापरताना ही काळजी घ्या

डबा घराबाहेर रिकामा करा, ओल्या कागदात धूळ गुंडाळून टाका. हे काम दमेकऱ्याने करू नये. घरात दुसरे कोणी नसेल तर नाका-तोंडावर चांगला मास्क हवा. अनेक जण नेमके इथेच चुकतात : आठवडाभराची धूळ गोळा करतात आणि डबा उघडताना एका श्वासात आत घेतात.

फिल्टर धुण्याजोगा आहे का ते पुस्तिकेत पाहा. धुतला तर पूर्ण कोरडा होईपर्यंत, निदान एक दिवस, बसवू नका. ओल्या फिल्टरवर बुरशी धरते, आणि बुरशीने दमा वाढतो. रांगोळी, पीठ, सिमेंट यांची अतिबारीक भुकटी यंत्राने ओढू नका. फिल्टर लगेच तुंबतो. गरम राख तर मुळीच नाही. उंदरांच्या लेंड्या झाडू नका आणि व्हॅक्यूमही करू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसून काढा.

गादीवर ब्रश सावकाश फिरवा, दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून एकदा. जिवंत डस्ट माइट धाग्यांना चिकटून बसतात, ते सगळे निघत नाहीत. पण सुटी धूळ आणि विष्ठा निघते. म्हणून ऊन आणि गरम पाण्याने धुणे यंत्र घेतल्यावरही सोडायचे नाही.

थोडक्यात सांगायचे तर

मुलांनी प्रेमाने काही पाठवायचे ठरवले असेल, तर त्यांना आधी विचारू द्या : आईचा पंप संपला आहे का, ती तो नीट ओढते का, स्पेसर आहे का, रात्री कॉइल लावते की मच्छरदाणीत झोपते? ही उत्तरे फोनवर मिळतात. ती समाधानकारक असतील तर यंत्र जरूर पाठवा, बॅटरी बदलता येणारे आणि सोलापुरात दुरुस्त होणारे पाठवा. नसतील तर त्या पैशांतून आधी आईची तपासणी करून घ्या. फुंकून करायची स्पायरोमेट्री हीसुद्धा त्यात आली.

ज्यांच्या घरी यंत्र आधीच आले आहे, त्यांनी या आठवड्यात एकच करावे : ते फरशीवरून काढून गादीवर फिरवावे. आणि पंप मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.